संधिवाताचा रुग्ण आणि तज्ज्ञापर्यंतची वाट

दि. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टॉकहोम येथे त्या वर्षीचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मेरी ब्रुन्कॉव्ह, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना ते विभागून देण्यात आले. रोगजंतूंशी लढण्यासाठी आपल्या रक्तात अहोरात्र फिरणारी सेना स्वतःच्याच शरीरावर का तुटून पडत नाही, असा वरकरणी साधा वाटणारा प्रश्न त्यांच्यापुढे होता. या सेनेला आवर घालणाऱ्या विशिष्ट पेशी शरीरात असतात हे साकागुची यांनी १९९५ साली दाखवून दिले. असा आवर सुटलेल्या उंदरांमधील सदोष जनुक अन्य दोघांनी २००१ साली हुडकून काढले आणि पुढे दोन वर्षांनी या दोन्ही शोधांचा धागा जुळला.

हा आवर माणसाच्या शरीरात सुटला म्हणजे जे विकार उद्भवतात त्यांना स्वयंप्रतिकार विकार अथवा ऑटोइम्यून आजार म्हणतात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (ज्याला आपल्याकडे बहुधा आमवात म्हणतात), ल्युपस, तरुणांचा मणका आखडवून टाकणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, कातडी दगडासारखी कठीण करणारा स्क्लेरोडर्मा, ही त्यांतील काही नावे. नोबेलच्या निमित्ताने या विषयावर चार शब्द लिहून आले ही समाधानाची बाब आहे. परंतु प्रयोगशाळेत एवढी मजल मारली गेली असताना आपल्या गावातील रुग्ण योग्य डॉक्टरांच्या दारापर्यंत कधी व कसा पोहोचतो, याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. ‘संधिवात’ हा एकच शब्द आपण अनेक दुखण्यांसाठी वापरतो. साठी ओलांडलेल्या आजीचे गुडघे दुखतात तो संधिवात, आणि बत्तीस वर्षांच्या सुनेच्या बोटांची पेरे सुजतात तोही संधिवातच! वस्तुतः पहिला आजार प्रामुख्याने झिजेचा आहे. वय, वजन व श्रम यांमुळे सांध्यातील कूर्चा झिजते, चालल्यावर दुखते, बसल्यावर बरे वाटते. दुसऱ्या प्रकारात सांध्याच्या आतील नाजूक अस्तरावर शरीराची संरक्षक यंत्रणाच हल्ला चढवीत असते. हा आजार बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये तो दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. ल्युपसच्या बाबतीत तर दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात.

त्याची खूण विश्रांतीनंतर दिसते. सकाळी अंथरुणातून उठताना हात आखडलेले असतात, मूठ वळत नाही आणि ही आखड अर्धा तास, तासभर किंवा त्याहूनही अधिक काळ टिकते. वसईच्या वाडीत पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडणाऱ्या स्त्रीचा विचार करा. जे काम बोटांच्या टोकांनी, भल्या सकाळीच उरकावे लागते, नेमके तेच तिला अशक्य होऊन बसते. भाकरी थापणे, दुधाच्या बाटलीचे झाकण उघडणे, मुलीची वेणी घालणे ही कामे एकामागून एक हातातून सुटत जातात. घरातील माणसांना मात्र ती अकरा वाजता बरीच ठीक दिसते. “सकाळी कामाच्या वेळी बरं नसतं आणि नंतर चांगली हिंडते-फिरते,” हा शेरा मग ठरलेला. सासरी असा शेरा ऐकून घेणाऱ्या स्त्रिया किती असतील, याची गणती कोणी केलेली नाही.

आजाराची गणती मात्र झालेली आहे आणि ती आपल्या महाराष्ट्रातच झालेली आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवण हे गाव उजनीच्या पाणलोटावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाखाली घरोघर पाहणी केली. गावातीलच स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या दुखण्याविषयी विचारण्यात आले. सुमारे १८ टक्के लोकांनी हाडे, स्नायू वा सांध्यांच्या वेदना सांगितल्या. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण साधारण अर्धा टक्का निघाले.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्यातील सात कोटी प्रौढ धरले तरी हा अर्धा टक्का साडेतीन लाखांवर जातो आणि ही केवळ एका आजाराची बाब झाली. शिवाय डासांमार्फत पसरणाऱ्या चिकुनगुनियाने यात आपली भर घातली आहे. २००६ च्या मोठ्या साथीत देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली, त्यात महाराष्ट्र होता. २०२४ साली पुण्याने पुन्हा त्याचा अनुभव घेतला. ताप चार दिवसांत उतरतो. परंतु काहींचे सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहतात. हा केवळ चिकुनगुनियाचा अवशेष आहे की त्याआडून मूळ संधिवात डोके वर काढीत आहे, हे ठरविणे सामान्य डॉक्टरांना सोपे नसते.

ते ठरविणाऱ्या तज्ज्ञाला रुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात. हा हाडांचा शल्यविशारद नव्हे. तो मूळचा फिजिशियन असतो. साडेपाच वर्षांचे एम. बी. बी. एस., त्यावर तीन वर्षांचे एम. डी. आणि पुन्हा तीन वर्षांचे डी. एम. असा हा साडेअकरा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. लखनौची संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, आपल्या कॅथलिक बिशप मंडळाने स्थापिलेले बंगळूरचे सेंट जॉन्स अशा संस्थांमध्ये या शाखेचे स्वतंत्र विभाग आहेत. तथापि एवढ्या विशाल देशाच्या मानाने हे तज्ज्ञ अतिशय तोकडे आहेत आणि जे आहेत ते मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत एकवटलेले आहेत. पालघर, गडचिरोली वा सिंधुदुर्गातील रुग्णाला प्रवास चुकत नाही.

आणि प्रवास केल्यावर काय? मोठ्या सरकारी रुग्णालयात केसपेपरची रांग सकाळी लागते. डहाणूहून निघालेल्या रुग्णाला ती गाठायची तर पहाटे घर सोडावे लागते, म्हणजे ज्या घटकेला तिचे पाय जमिनीवर टेकत नाहीत त्याच घटकेला. बाह्यरुग्ण विभागाची ही वेळ कोणी दुष्टपणे ठरविलेली नाही, हे खरे. परंतु या रुग्णांसाठी एखादी दुपारची वेळ राखून ठेवण्यास फार मोठा खर्च येईल असेही वाटत नाही.

तज्ज्ञाकडे लवकर जाण्याचा एवढा आग्रह का, असे कोणी विचारील. कारण या आजारात सांध्यांची न भरून येणारी हानी बऱ्याच रुग्णांत पहिल्या एक-दोन वर्षांतच होऊन जाते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत असे म्हटले आहे की, सूज सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत रुग्ण तज्ज्ञापुढे असावा आणि आजाराची गती रोखणारे औषध तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावे. ब्रिटनमध्ये तर घरच्या डॉक्टराने तीन कामकाजाच्या दिवसांत चिठ्ठी द्यावी, असा दंडक आहे. आपल्याकडील वाट आपणांस ठाऊक आहेच. आधी औषधाच्या दुकानातील वेदनाशामक गोळी, मग तेल-मालिश, मग कोणी सांगितलेला हाडवैद्य, मग रक्तात ‘आर. ए. फॅक्टर’ आढळला म्हणून भीती किंवा तो आढळला नाही म्हणून निश्चिंती. (ही तपासणी निरोगी माणसातही सकारात्मक येऊ शकते आणि रुग्णातही नकारात्मक. केवळ कागदावरून निदान होत नाही; डॉक्टरांनी एकेक सांधा बोटांनी दाबून पाहावा लागतो. आजाराची तीव्रता मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत असे २८ सांधे तपासतात.) या भ्रमंतीत सहा आठवडे नव्हे, वर्षे निघून जातात.

तरुण मुलांच्या बाबतीत तर याहूनही विलंब होतो. विशी-पंचविशीतील मुलगा पाठदुखीची तक्रार करतो. रात्रीच्या उत्तरार्धात वेदनेने जागा होतो आणि चालू-फिरू लागला की त्याला बरे वाटते. “मोटारसायकल कमी चालव” हा सल्ला त्याला सर्वांकडून मिळतो. मणक्याच्या या विकाराचे निदान होईपर्यंत पाठ वाकलेली असते.

या भ्रमंतीतील एका थांब्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. कोणत्याही उपचारपद्धतीला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या पुडीवर वा गोळीवर घटकद्रव्यांचे नाव छापलेले नसते आणि जी घेतल्यावर दोन दिवसांत रुग्ण नाचू लागतो, तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. स्टेरॉइडची जादू नवी नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली त्यांना व त्यांच्या दोन सहकारी संशोधकांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यावर चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, मोतीबिंदू असे परिणाम दिसू लागले आणि त्या चमत्काराची दुसरी बाजू जगाला समजली. आजही तज्ज्ञ हे औषध वापरतात. मात्र मोजून-मापून, कमीत कमी काळ, आणि अचानक बंद न करता. बिननावाच्या पुडीत यांपैकी एकही काळजी घेतलेली नसते.

संधिवातावरील आजच्या उपचारांचा कणा म्हणजे मेथोट्रेक्सेट हे जुने, स्वस्त औषध. मूळचे ते कर्करोगावरील. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून ती रोज घेतल्याने रक्तपेशी तयार होण्याचे थांबून रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत. आपल्याकडे चिठ्ठी एका भाषेत, दुकानदाराचे सांगणे दुसऱ्या भाषेत आणि गोळ्या देणारी सून घाईत! म्हणून घरात कोणी हे औषध घेत असेल तर गोळ्यांच्या पाकिटावर ‘फक्त रविवार’ असा जो कोणता वार डॉक्टरांनी ठरवून दिला असेल तो ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. सोबत फॉलिक ॲसिड घेणे, ठरावीक काळाने रक्त व यकृत तपासणे, आणि अपत्याचा विचार असल्यास काही महिने आधीच डॉक्टरांना सांगून ते थांबविणे, हेही तितकेच आवश्यक.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे दुसरे औषध सर्वांना २०२० साली अचानक परिचयाचे झाले. मार्च महिन्यात कोरोनाच्या प्रतिबंधासाठी आरोग्यसेवकांना ते देण्याची शिफारस झाली आणि घाबरलेल्या जनतेने दुकाने रिकामी केली. सरकारने त्याची निर्यात रोखली, विक्रीवर निर्बंध आणले. आणि ज्यांचे आयुष्य वर्षानुवर्षे या गोळीवर चालले होते ते ल्युपसचे रुग्ण दुकानोदुकानी फिरू लागले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने या औषधाचा कोरोनाच्या इस्पितळातील रुग्णांना उपयोग होत नसल्याचे दाखविले. तुटवड्याच्या त्या आठवड्यांत ल्युपसच्या रुग्णांच्या वतीने बोलणारे आवाज फार क्षीण होते. संख्या लहान, आजार बाहेरून न दिसणारा, आणि रुग्ण बहुतांशी स्त्रिया. या तिन्ही गोष्टींचा एकत्रित परिणाम काय होतो, हे त्या वेळी उघड झाले.

गेल्या तीस वर्षांत उपचारांचा चेहरा पालटला हे नाकारता येत नाही. त्यात लुधियानात जन्मलेले डॉ. रविंदर मैनी यांचा मोठा वाटा आहे. लंडनमध्ये मार्क फेल्डमन यांच्यासह त्यांनी सांध्यातील दाह पेटविणाऱ्या ‘टी. एन. एफ.’ या द्रव्यावर लक्ष केंद्रित केले आणि १९९२ साली ते द्रव्य निष्प्रभ करणारे औषध प्रथमच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांना दिले. अंथरुणाला खिळलेले रुग्ण त्यामुळे उठून कामाला लागले. अशा जैविक औषधांची किंमत सामान्यांना परवडणारी नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने अडालिमुमॅब या औषधाची जगातील पहिली समतुल्य आवृत्ती, अमेरिकेतील किमतीच्या सुमारे एक-पंचमांश दराने, बाजारात आणली. पुढे टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही स्वस्त झाल्या.

परंतु ही औषधे दुकानातून परस्पर आणण्याजोगी नाहीत. जगातील क्षयरोगाचे जवळजवळ एक-चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात, टी. एन. एफ. रोखणारे औषध सुरू होताच ते जागे होऊ शकतात. टोफासिटिनिबच्या बाबतीत हृदयविकार व रक्ताच्या गुठळ्यांच्या धोक्याचा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२१ मध्ये दिला. छातीचे चित्र कोणाचे काढावे, कोणाला आधी क्षयावरील औषध द्यावे, कोणाला ही गोळी देऊच नये, हे ठरविण्यासाठीच तज्ज्ञ हवा असतो.

आता खर्चाचा प्रश्न. आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ती लागू झाली. आपल्या राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनाही विस्तारली आहे. या योजनांनी असंख्य कुटुंबे कर्जापासून वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यांची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. संधिवाताचा रुग्ण दाखल होत नाही. तो दर दोन-तीन महिन्यांनी येतो, रक्त तपासतो, गोळ्या घेऊन घरी जातो आणि हे सर्व आयुष्यभर खिशातून करतो. गुडघा पूर्ण निकामी झाला की तो बदलण्याची शस्त्रक्रिया आयुष्मान भारतच्या यादीत आहे. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारने मर्यादाही घातली. मात्र गुडघा निकामी होऊ नये म्हणून दहा वर्षे घ्यावयाच्या गोळ्या व तपासण्या यांना तसे छत्र नाही. शेवटच्या मुक्कामाचे भाडे शासन भरते, आधीच्या वाटेचे भरत नाही, हा हिशेब आर्थिक दृष्ट्याही आतबट्ट्याचा आहे.

काही गोष्टी अनुकूल घडल्या आहेत. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलझिन ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला आणि वैयक्तिक आरोग्य विम्याचा हप्ता करमुक्त झाला. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनीला घालता येणारी प्रतीक्षेची मुदत २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. परंतु बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च देणारा विमा अजूनही अपवादात्मकच.

शासनाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी होते. सांध्यांना त्यात स्थान नाही. आपल्या धर्मग्रामांत भरणाऱ्या आरोग्य शिबिरांचीही तीच गत आहे: साखर, रक्तदाब, डोळे, फार तर हाडांची घनता. “सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो?” हा एक प्रश्न विचारण्यास यंत्र लागत नाही. भिगवणला गावकऱ्यांनीच असे प्रश्न विचारून दाखविले आहे. ज्यांची आखड अर्ध्या तासाहून अधिक आहे व सूज सहा आठवड्यांपासून आहे, एवढ्याच व्यक्तींची यादी केली आणि महिन्यातून एका दुपारी तज्ज्ञाला बोलावले, किंवा २०२० च्या मार्गदर्शक नियमांनी अधिकृत झालेल्या दूरचिकित्सेद्वारे जोडून दिले, तरी मोठे काम होईल. पहिली भेट मात्र समोरासमोरच व्हावी. सुजलेला सांधा पडद्यावर दाबून पाहता येत नाही.

विवाहाचा प्रश्न अजून उरतो. मुलीला हा आजार असल्याचे ठरवून लपविले जाते आणि लग्नानंतर तो उघड होऊ नये म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. सहा महिन्यांत आजार उसळी घेतो. पुष्कळदा नेमका बाळंतपणानंतर. तेव्हा माहेर व सासर एकमेकांकडे बोट दाखवितात. वस्तुस्थिती अशी आहे की, आजार आटोक्यात ठेवून आणि औषधांची आधीच आखणी करून या स्त्रिया निरोगी अपत्यांना जन्म देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर गरोदरपणातही चालू ठेवण्याचाच सल्ला दिला जातो. विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी येणाऱ्या जोडप्यांपुढे एखाद्या डॉक्टरांनी हे अर्ध्या तासात समजावून सांगावे. त्यासाठी एखादा संधिवाततज्ज्ञच लागतो असे नाही; धर्मग्रामातील कोणीही अनुभवी डॉक्टर वा परिचारिका ते करू शकेल.